दिवसा राम, रात्री कृष्ण

रविवारी सकाळी चहाबरोबर वर्तमानपत्र उघडावे, तर राशिभविष्याच्या शेजारी आता टॅरोही असतो. या आठवड्यासाठी अमुक पान निघाले आहे, त्याचे एक चित्र, आणि चित्राखाली चार ओळींचा अर्थ. पेण-रोह्यासारख्या आमच्या लहान गावांतही 'टॅरो' हा शब्द आता कोणाला समजावून सांगावा लागत नाही. जत्रेत पिंजऱ्यातून बाहेर येऊन चिठ्ठी उचलणारा पोपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यात फारसे नवलही वाटत नाही. पोपट गेला, पाने आली, एवढेच.

टॅरोच्या कॅटमध्ये ७८ पाने असतात. त्यांतल्या एकाच पानाविषयी मला आज बोलायचे आहे. ते पान सूर्याचे, क्रमांक १९. आज जगभर सर्वांत परिचित असलेला टॅरोचा कॅट डिसेंबर १९०९ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. कल्पना आर्थर वेट यांची आणि चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकार बाईंची. त्यांच्या सूर्याच्या पानावर पांढऱ्या घोड्यावर बसलेले एक उघडे मूल आहे. सोबत लाल निशाण. मागे भिंत, भिंतीवरून डोकावणारी सूर्यफुले आणि वर माणसासारखा चेहरा असलेला मोठा सूर्य. हे पान सुलटे निघाले की टॅरोवाले सांगतात : आनंद, यश, आरोग्य, लपलेले उघड होणे. उलटे निघाले तर हेच सगळे, पण उशिरा किंवा अर्धेमुर्धे.

चित्र सुंदर आहे. ऐकायला अर्थही बरा वाटतो. पण माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्या माणसाला एक प्रश्न सतावतो. हा अर्थ चित्रात आला कोठून? चित्र काढणाऱ्याने ठेवला, पाहणाऱ्याने ठेवला, की तो आधीपासूनच तेथे होता?

इतिहासाचे उत्तर सरळ आहे. टॅरो हा मुळात पत्त्यांचा खेळ होता. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, १४४० च्या सुमारास, नेहमीच्या चार रंगांच्या कॅटला २१ चित्रांची आणि एका 'वेड्या'ची जोड देण्यात आली. ही चित्रे म्हणजे त्या खेळातले कायमचे हुकूम. चांदणीला चंद्र मारी, चंद्राला सूर्य मारी. मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा या घराण्यांसाठी सोन्याच्या वर्खावर रंगवलेला १४५० च्या सुमाराचा कॅट आजही बराचसा शिल्लक आहे. त्यातल्या सूर्याच्या पानावर घोडा नाही आणि सूर्यफुलेही नाहीत. पंख असलेले एक बालक सूर्याचे मस्तक दोन्ही हातांनी वर धरून उभे आहे. चंद्राच्या पानावर हातात चंद्रकोर धरलेली एक बाई आहे. पुढे फ्रान्समध्ये छापल्या गेलेल्या मार्सेच्या कॅटमध्ये सूर्याखाली दोन मुले आली. चित्रे बदलत राहिली, खेळातली सूर्याची जागा मात्र चंद्राच्या वरच राहिली. खेळणाऱ्यांना तेवढेच पुरेसे होते.

भविष्य आले ते फार नंतर. १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच पाद्र्याने जाहीर केले, की ही पाने म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचे गुप्त ज्ञान आहे. गंमत अशी, की इजिप्तची चित्रलिपी तेव्हा कोणालाच वाचता येत नव्हती. शांपोलियाँने ती उलगडली १८२२ मध्ये. म्हणजे जे पुस्तक कोणी वाचलेले नव्हते, त्याचा हवाला देऊन पत्त्यांना अर्थ चिकटवले गेले. त्यानंतर थोड्याच वर्षांत पॅरिसमध्ये पाने मांडून भविष्य सांगण्याची पुस्तके निघाली. धंदा सुरू झाला तो असा.

पण इजिप्तचा आणि पत्त्यांचा काहीच संबंध नाही, असेही नाही. संबंध आहे, तो फरोहांच्या काळचा नव्हे. इजिप्तवर ममलूक सुलतानांचे राज्य होते त्या काळातला, म्हणजे मुसलमानी अमलातला, एक कॅट इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात १९३१ मध्ये अभ्यासकांच्या हाती लागला. त्यात चार रंग आहेत : पेले, नाणी, तलवारी आणि पोलो खेळण्याच्या काठ्या. इटलीत हेच रंग पेले, नाणी, तलवारी आणि दंडुके होऊन उतरले. टॅरोत ते आजही आहेत. ममलूक पानांवर माणसाचे चित्र नाही. नुसती वेलबुट्टी, आणि निळ्या पट्टीवर अरबी अक्षरांत हुद्दे : मलिक, म्हणजे राजा. नायब मलिक, म्हणजे राजाचा दुय्यम. आणि त्याखाली आणखी एक नायब. स्पॅनिश भाषेत पत्त्यांना 'नाइपेस' म्हणतात, तो शब्द या 'नायब'वरूनच आला असे मानतात.

नायब! पेणच्या किंवा रोह्याच्या तहसील कचेरीत सातबाऱ्यासाठी हेलपाटे घातलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, नायब म्हणजे काय. नायब तहसीलदारांची सही झाली की नाही, यावर त्याचा अख्खा दिवस अवलंबून असतो. कैरोच्या पत्त्यांवरचा हुद्दा आमच्या तालुक्याच्या दारावरच्या पाटीवर आहे. या शब्दाला गूढ ज्ञानाची गरज पडली नाही. तो कामाचा होता म्हणून टिकला.

आता आपल्याकडे येऊ. हिंदुस्थानात पत्त्यांचा पहिला पक्का उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात सापडतो. जून १५२७ मध्ये त्याने सिंधच्या शाह हसनकडे माणूस पाठवून गंजिफ्याची पाने दिली. शाह हसनला खेळाची आवड होती आणि त्याने ती मागितली होती. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेली, बहुधा गोल पाने. पुढे अकबराच्या दरबारातल्या एका गंजिफ्याचे वर्णन अबुल फजलने 'आइन-ए-अकबरी'त केले आहे. बारा रंग, प्रत्येक रंगात बारा पाने, एकूण १४४. रंगांची नावे बघा : अश्वपती, गजपती, नरपती, धनपती, सुरपती, अहिपती. घोड्यांचा राजा दिल्लीच्या बादशहासारखा, हत्तींचा राजा ओडिशाच्या राजासारखा. देवांचा राजा इंद्रही त्यात आहे आणि नागांचा राजाही. फारसीत लिहिणारा बादशहाचा चिटणीस संस्कृत नावांची पाने मोजतो आहे, आणि त्याला त्यात काही वेगळे केल्यासारखे वाटत नाही.

सर्वसाधारण मोगली गंजिफा मात्र आठ रंगांचा आणि ९६ पानांचा. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश, असे हे रंग. शमशेर म्हणजे तलवार, चंग हे तंतुवाद्य, बरात म्हणजे कागदी फर्मान, किमाश म्हणजे माल. प्रत्येक रंगात एक राजा, एक वजीर आणि एक ते दहा पाने. यातला 'गुलाम' आपण विसरलो नाही. आपल्या बावन्न पानांतल्या राणीच्या खालच्या पानाला आपण अजून गुलामच म्हणतो.

आपल्या कामाचे दोन रंग आहेत सुर्ख आणि सफेद. सुर्ख म्हणजे लाल. येथे त्याचा अर्थ तांबूस सोन्याची मोहर. सफेद म्हणजे पांढरे, चांदीचे नाणे. एक सूर्यासारखे, एक चंद्रासारखे. खेळाचा नियम असा, की दिवसा बसलात तर ज्याच्या हाती सुर्खाचा राजा असेल त्याची उतारी. दिवे लागल्यावर बसलात तर सफेदच्या राजाची उतारी.

हा नियम वाचला तेव्हा मी बराच वेळ त्याच्यावरच थांबलो. इटलीत सूर्याने चंद्राला मारायचे, नेहमीच. येथे कोणी कोणाला मारत नाही. येथे पाळी आहे. दिवस तुझा, रात्र माझी. दोन्हीकडे सूर्य तोच आहे, चंद्र तोच आहे, पण बैठकीला बसलेल्या माणसांनी त्यांच्यातले नाते वेगळे ठरवले. सूर्याच्या पानाचा अर्थ मला विचाराल तर तो येथून सुरू होतो.

पुढचा मुक्काम आपल्याच कोकणात आहे. कोकण रेल्वेची हद्द रोह्यापासून सुरू होते. दिव्याहून सुटणारी गाडी पेण आणि रोहा करून दिवसभरात सावंतवाडीला पोचते. तेथल्या राजवाड्यात दशावतारी गंजिफा तयार होतो. खेम सावंत तिसरे (कारकीर्द १७५५ ते १८०३) यांच्या काळात तेलंगणातून आलेल्या विद्वानांकडून ही कला येथे आली, असे परंपरा सांगते. ती रंगवणारे चितारी. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, खडूचा लेप द्यायचा, घोटून गुळगुळीत करायचे, बारीक कुंचल्याने चित्र काढायचे आणि लाखेचा हात द्यायचा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत छापील पत्त्यांपुढे ही पाने जवळजवळ संपली होती. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ही कला शिकून घेतली आणि राजवाड्यातच पुन्हा कारखाना उभा केला. राजमातांचे निधन २०१८ मध्ये झाले. काम सुरू राहिले. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

या गंजिफ्यात दहा रंग, म्हणजे दहा अवतार, आणि १२० पाने. मत्स्याचा मासा, कूर्माचे कासव, वामनाचा कमंडलू, परशुरामाचा परशू, रामाचा बाण, कल्कीची तलवार. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा. बुद्धिबळात वजीर राहिला, येथे त्याचा प्रधान झाला. आणि उतारी कोणाची? दिवसा रामाच्या राजाची. रात्री कृष्णाच्या.

म्हणजे आठ रंगांचे दहा झाले, ताज आणि शमशेर गेले, मासा आणि कासव आले, पण दिवस-रात्रीचा नियम जागेवरून हलला नाही. सुर्खाच्या जागी राम आणि सफेदच्या जागी कृष्ण. राम सूर्यवंशातला. कृष्ण यादवांचा, म्हणजे चंद्रवंशातला. ज्या कोणी हा बदल केला त्याला खेळ पक्का ठाऊक होता आणि पुराणेही पक्की ठाऊक होती. सोन्याच्या मोहरेतला सूर्य त्याने ओळखला आणि त्याला आपल्या घरातले नाव दिले. मला हे भाषांतराचे उत्तम उदाहरण वाटते. शब्द बदलला आणि कविता जिवंत राहिली.

असे भाषांतर एकदाच झालेले नाही. दशावतारातला नववा रंग बुद्धाचा. ओडिशाच्या आणि बंगालमधल्या बिष्णुपूरच्या पानांवर त्या जागी जगन्नाथ येऊन बसतो. आपल्याकडच्या जुन्या पंचांगांतल्या दशावताराच्या चित्रात नवव्या जागी कमरेवर हात ठेवून विठ्ठल उभा दिसतो. नववी जागा ठरलेली, तेथे कोण उभा राहणार हे गाव ठरवते.

पेणच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. पेण, हमरापूर, जोहे या भागातल्या गणपतीच्या कारखान्यांत आमच्यासारख्या मुसलमान घरांतली मुलेही शाळा सुटल्यावर खिडकीशी उभी राहून काम बघत. गणपतीच्या हाती बासरी दिली की तो कृष्णाच्या रूपातला, कमरेवर हात ठेवले की विठ्ठलाच्या रूपातला. शेवटी होते ती डोळ्यांची आखणी. तोपर्यंत कारखान्यात ती नुसती मूर्ती असते, आणि गिऱ्हाइकाच्या घरी पाटावर बसली, प्रतिष्ठा झाली, की देव होतो. कारागिराला हे नेमके माहीत असते. तो खूण देतो, अर्थ घरचे लोक देतात. पत्त्यावरचा चितारीही तेवढेच करतो. एक बाण काढतो. त्याचा राम होतो तो खेळणाऱ्यांच्या तोंडी.

गंजिफ्यात आणखी एक नियम आहे, आणि तो मला सगळ्यांत जास्त आवडतो. राजा आणि प्रधान यांच्यानंतर अर्ध्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान. उरलेल्या अर्ध्या रंगांत एक्का मोठा आणि दश्शी सर्वांत लहान. जुन्या टॅरोच्या खेळातही अगदी हेच होते. तलवारी आणि दंडुके यांत दहा मोठा, पेले आणि नाणी यांत एक मोठा. तत्त्वज्ञ मायकल डमेट यांनी टॅरोचा इतिहास १९८० मध्ये ग्रंथरूपाने मांडला, त्यांनीही हे साम्य ओळखले होते. कोठे मिलान आणि कोठे सावंतवाडी! चित्रे एकमेकांच्या ओळखीची नाहीत, पण नियम भाऊबंद आहेत. पान तेच, पण कोणत्या रंगात आले त्यावर ते मोठे की लहान ते ठरते. एवढे शहाणपण आठवड्याच्या भविष्यात मला अजून सापडलेले नाही.

मराठीत कविता लिहिणाऱ्या मुसलमानाला कविसंमेलनानंतर चहाच्या वेळी एक प्रश्न हमखास येतो : "तुमची भाषा उर्दू ना? मग मराठीत कसे?" विचारणारा वाईट हेतूने विचारत नाही. पूर्वी मी लांबलचक उत्तर देत असे. आता मी त्याला सूर्याच्या पानाची ही हकिगत सांगतो. सुर्ख हा शब्द माझ्या घरात लग्नाच्या जोड्याबरोबर येतो, आणि रामाचा बाण शाळेच्या तिसरीतल्या पुस्तकाबरोबर आला. दोन्ही एकाच पानाची नावे आहेत, हे तीन माणसे चटईवर बसून खेळत असताना कोणीतरी कधीच ठरवून टाकले. त्यासाठी त्यांनी परवानगी मागितली नाही, भाषणही केले नाही. पाने वाटली आणि खेळायला लागले.

अडचण आहे ती पुढे. आज सावंतवाडीचा गंजिफा विकला जातो, भेट दिला जातो, काचेच्या चौकटीत लावला जातो. खेळला किती ठिकाणी जातो? तीन माणसांत १२० पाने वाटली की प्रत्येकाच्या हाती ४० येतात. हुकूम नाही. कोणते पान पडले, कोणते उरले, हे सगळे लक्षात ठेवावे लागते, कारण राजा गेला की त्या रंगात प्रधान सर्वांत मोठा होतो. त्या निमित्ताने देवाचे नाव तोंडी येते, म्हणून हा जुगार नव्हे, असेही समर्थन पूर्वी केले जाई. जन्माने जर्मन आणि वास्तव्याने मुंबईकर असलेले कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी गावोगावची पाने जमवली, त्यांचा अभ्यास केला आणि १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयासाठी त्यावर पुस्तक लिहिले. त्यामुळे पाने वाचली, नियम लिहिले गेले. पण नियम कागदावर असणे आणि हातात असणे यांत अंतर आहे. भौगोलिक मानांकन नावाचे आणि घडणावळीचे रक्षण करते. संध्याकाळ झाली, आता उतारी कृष्णाची, हे सांगणारी आजी कोणत्याही मानांकनात बसत नाही.

खेळ थांबला की चित्र पोरके होते, आणि पोरक्या चित्राचा ताबा कोणीही घेऊ शकतो. इटलीच्या पत्त्यांचे तसेच झाले. ज्या देशांत खेळ विसरला गेला, तेथे चित्रांतून भविष्य निघू लागले. फ्रान्समध्ये टॅरो हा पत्त्यांचा खेळ म्हणून अजून जोरात चालतो, तेथे सूर्याच्या जागचे १९ क्रमांकाचे पान पडले की खेळणारा एवढेच बघतो, की यावर विसावे कोणाकडे आहे. आपल्या पानांवर उद्या कोणी भविष्य सांगेलही. त्याहून मला भीती वाटते ती 'हे पान कोणाचे?' असे विचारत येणाऱ्याची. सुर्खाचे की रामाचे, त्यांचे की आमचे. खेळणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. त्याचा प्रश्न वेगळा असतो : आत्ता दिवस आहे की रात्र?

म्हणून टॅरोवर रागावण्याचे मला कारण दिसत नाही. माणसाला उद्याची काळजी असते, आणि कोणी दोन धीराचे शब्द सांगितले तर बरे वाटते. पण सूर्याच्या पानाचा अर्थ विचारायचाच असेल तर तो पान मांडून बसलेल्या एकट्या माणसाला विचारू नये. सावंतवाडीहून एक संच आणावा. महाग वाटला तर पुठ्ठ्याच्या चकत्या कापून मुलांकडून मासे, कासवे आणि बाण काढून घ्यावेत. नियम मिळतात, दोन संध्याकाळींत येतात. तीन माणसे लागतात, ती शेजारच्या घरातली असली तर उत्तम. पाने पिसावीत, वाटावीत, आणि बाहेर किती उजेड आहे ते पाहून पहिले पान टाकावे.